पाण्याच्या दाबाने घडणारा धातू

जुन्या धाटणीच्या एकदारी फ्रिजमधला बर्फाचा कप्पा उघडला, की त्याच्या ॲल्युमिनियमच्या भिंतीवर फुगीर, नागमोडी रेषा दिसतात. फ्रिज थंड करणारा पदार्थ याच रेषांमधून फिरत असतो. पाहणाऱ्याला वाटते, की पत्र्यावर एखादी बारीक नळी चिकटवली असावी. प्रत्यक्षात तेथे वेगळी नळी नसतेच. दोन पत्रे घेऊन त्यांपैकी एकावर ही नक्षी ग्राफाइटसारख्या, धातूला धातूशी सांधू न देणाऱ्या शाईने छापतात. मग दोन्ही पत्रे तापवून रुळांखालून एकत्र लाटतात. शाई नसलेल्या जागी ते एकजीव होतात, शाईच्या जागी सुटे राहतात. शेवटी त्या सुट्या फटीत एका टोकाकडून प्रचंड दाबाची हवा सोडली, की पत्रा फुगतो आणि वाहिनी तयार होते. या वाहिनीची भिंत किती पातळ असते, याचा अनुभव सुरीने बर्फ खरवडणाऱ्या अनेकांना दुरुस्तीच्या बिलातून आलेला आहे.

हवा, तेल किंवा पाणी यांसारख्या प्रवाही पदार्थाच्या दाबाने धातूला आकार देणे आणि त्याच दाबाने दोन भाग एकमेकांत घट्ट बसवणे, ही यंत्र अभियांत्रिकीतील एक स्वतंत्र विद्याच आहे. उद्योगजगतात तिचे नाव हायड्रोफॉर्मिंग. मराठीत तिला द्रवदाब घडण म्हणता येईल. मोटारीची चौकट, सायकलचा सांगाडा, वातानुकूलन यंत्रातील तांब्याचे सांधे, वीज केंद्रातील संघनक, कणत्वरकातील पोकळ्या अशा एकमेकांशी काहीही संबंध नसलेल्या वस्तूंमध्ये ती आढळते.

धातू घडवण्याची जुनी पद्धत म्हणजे ठोकणे. पुण्याच्या तांबट आळीतील कारागिराचा हातोडा एका वेळी भांड्याच्या एका बिंदूवर पडतो. प्रत्येक ठोक्यानिशी तांबे थोडे पसरते आणि थोडे कडकही होते. म्हणून भांडे मधूनमधून भट्टीत तापवून पुन्हा मऊ करावे लागते. कारखान्यातील प्रेस हेच काम एका फटक्यात करते, पण तेथेही पंच आणि डाय हे पोलादाचे दोन कठीण भाग पत्र्याला फक्त जेथे टेकतात तेथेच रेटतात. कोपऱ्याशी पत्रा ताणला जाऊन पातळ होतो, तळाशी जवळजवळ तसाच राहतो. द्रवाचे तसे नाही. तो पृष्ठभागाच्या प्रत्येक कणावर सारख्याच दाबाने आणि काटकोनात रेटा देतो, मग तो पृष्ठभाग कितीही वाकडातिकडा असो. शिवाय पोकळ वस्तूच्या आतून हातोडा चालवता येत नाही. पाणी मात्र कोठेही पोहोचते.

या तत्त्वाचे श्रेय फ्रेंच शास्त्रज्ञ ब्लेझ पास्कल यांना जाते. बंदिस्त द्रवाच्या एका भागावर दिलेला दाब सर्व दिशांना सारखाच पोहोचतो, हा नियम मांडणारा त्यांचा प्रबंध त्यांच्या मृत्यूनंतर, १६६३ मध्ये प्रसिद्ध झाला. लहान दट्ट्यावरचा थोडका जोर मोठ्या दट्ट्यावर अनेक पटींनी वाढून मिळेल, हे त्यांना उमगले होते. तसे यंत्र प्रत्यक्षात यायला मात्र सव्वाशे वर्षांहून अधिक काळ जावा लागला. इंग्लंडमध्ये जोसेफ ब्रामा यांनी द्रवीय प्रेसचे पेटंट १७९५ मध्ये घेतले. अडचण तत्त्वाची नव्हती, गळतीची होती. दाब वाढला की दट्ट्याच्या कडेने पाणी निसटे. दाब जितका अधिक तितका आपोआप घट्ट बसणारा चामड्याचा वाटीसारखा पट्टा बसवल्यावर हे यंत्र खऱ्या अर्थाने चालू लागले. या पट्ट्याशी ब्रामा यांच्या कारखान्यातील हेन्री मॉडस्ली यांचे नाव जोडले जाते. गळती रोखणे हीच या विद्येची अर्धी कला आहे, हे आजही खरे आहे.

येथे वापरल्या जाणाऱ्या दाबांची थोडी कल्पना असलेली बरी. समुद्रसपाटीला हवेचा दाब साधारण एक बार असतो. स्वयंपाकघरातील कुकर शिटी देतो तेव्हा आतला दाब बाहेरच्यापेक्षा सुमारे एक बारने अधिक असतो. मोटारीच्या चाकात दोन ते अडीच बार हवा भरतात. जगातील सर्वांत खोल असलेल्या मारियाना गर्तेच्या तळाशी पाण्याचा दाब ११०० बारच्या घरात जातो. धातूच्या नळ्या घडवताना सामान्यतः १००० ते ४००० बार दाब लागतो. म्हणजे महासागराच्या तळाहून अधिक दाब, तोही कारखान्याच्या छपराखाली, दर अर्ध्या मिनिटाला एकदा निर्माण करायचा आणि लगेच सोडून द्यायचा.

नळी घडवण्याची रीत अशी. हवी त्या लांबीची नळी कापून, गरज असल्यास आधी यंत्रावर वाकवून, दोन भागांच्या पोलादी साच्यात ठेवतात. साचा मिटतो. दोन्ही बाजूंनी शंकूच्या टोकाचे दट्टे येऊन नळीची तोंडे बंद करतात. त्यांपैकी एकातून पाणी आत शिरते व हवा बाहेर काढली जाते. हे पाणी नुसते नसते. गंज आणि घर्षण कमी करणारे थोडे तेलकट द्रव्य त्यात मिसळलेले असते. मग दाबवर्धक नावाचे साधन काम सुरू करते. त्यात मोठ्या व्यासाचा दट्ट्या लहान व्यासाच्या दट्ट्याला ढकलतो. क्षेत्रफळांचे प्रमाण दहास एक असेल, तर २०० बारच्या तेलापासून २००० बारचे पाणी मिळते. पाणी दाबले जात नाही असे शाळेत शिकवतात, पण ते तितकेसे खरे नाही. हजार बारला त्याचे आकारमान सुमारे चार टक्क्यांनी घटते. दाबवर्धकाला तेवढे जादा पाणी पुरवावे लागते.

दाबाचा हिशेब नळीच्या जाडीवर आणि वक्रतेवर ठरतो. भिंत जाड असेल तितका दाब अधिक, त्रिज्या मोठी असेल तितका कमी. ६० मिलिमीटर व्यासाची आणि २ मिलिमीटर जाडीची साध्या पोलादाची नळी २०० बारच्या आसपास फुगू लागते. पण तिला चौकोनी रूप द्यायचे असेल आणि कोपऱ्याची गोलाई फक्त ६ मिलिमीटर हवी असेल, तर त्या कोपऱ्यात धातू नेऊन बसवण्यासाठी सुमारे १५०० बार लागतात. सुरुवातीच्या फुगवट्यापेक्षा शेवटचा कोपराच महाग पडतो. एवढ्या दाबाला साचा उघडू पाहतो. नळी एक मीटर लांब असेल तर साच्याचे दोन भाग एकमेकांपासून दूर लोटणारा जोर ९०० टनांच्या आसपास जातो. सात रेल्वे इंजिने एकावर एक रचून ठेवल्यासारखा हा भार वरून दाबून धरावा लागतो. द्रवदाब घडणीची प्रेस एवढी अवजड आणि महागडी का असते, याचे उत्तर या एका आकड्यात आहे.

नुसता दाब वाढवत नेला, तर नळी फुग्यासारखी एका जागी पातळ होऊन फाटते. म्हणून बाजूचे दट्टे केवळ तोंड बंद करत नाहीत. दाब वाढत असताना ते नळीला दोन्ही टोकांकडून आत ढकलत राहतात, जेणेकरून फुगणाऱ्या भागाला नवा धातू मिळत जावा. ढकलण्याचा वेग कमी पडला तर नळी फाटते, अधिक झाला तर तिला सुरकुत्या पडतात किंवा ती मधोमध वाकते. या दोन चुकांमधली वाट फार अरुंद असते. पूर्वी ती अनुभवाने शोधावी लागे. संगणकावर आधी आभासी नळी फुगवून पाहण्याची सोय झाल्यावर या तंत्राचा प्रसार झपाट्याने झाला. तरीही काही गोष्टी कारागिरीच्याच राहतात. भिंत साच्याला एकदा टेकली की घर्षणाने तेथेच अडकते आणि उरलेल्या धातूवर सारा ताण येतो, म्हणून वंगणाची निवड महत्त्वाची ठरते. पत्रा गुंडाळून वेल्ड केलेली नळी असेल, तर तिची शिवण सर्वांत कमी ताणल्या जाणाऱ्या बाजूला येईल अशा बेताने नळी साच्यात ठेवतात.

यावर एक हुशार तोडगाही निघाला. नळीचा परीघ साच्याच्या परिघाएवढाच ठेवायचा आणि साचा मिटत असतानाच आत थोडा दाब द्यायचा. मग भिंत ताणली न जाता फक्त वाकून कोपऱ्यात जाते आणि पुष्कळ कमी दाबात काम भागते. एवढेच नव्हे, तर पाणी आत असतानाच साच्यातील लहान पंच पुढे सरकवून नळीला भोके पाडता येतात. एरवी पोकळ नळीला भोक पाडताना भिंत आत दबते. येथे आतले पाणीच तिला आधार देते.

या तंत्राचा जन्म मोटार उद्योगात झाला असा समज आहे. तो खरा नाही. पितळी वाद्ये बनवणारे कारागीर वळणदार नळ्यांवरील सुरकुत्या घालवण्यासाठी साच्यात ठेवलेल्या नळीत दाबाखाली पाणी भरत. नळकामासाठी लागणारे तांब्याचे इंग्रजी टी अक्षरासारखे सांधे आतून दाब देऊन घडवण्याचे पेटंट अमेरिकेत १९४० मध्येच दिले गेले होते. सरळ नळीला दोन्ही बाजूंनी ढकलत आतून दाब दिला, की मधून तिसरी शाखा कोंब फुटावा तशी बाहेर येते. ना वेल्डिंग, ना डाग. विमान उद्योगाने याच सुमारास पत्र्यासाठी निराळी वाट धरली. एका बाजूला कठीण ठोकळा आणि दुसऱ्या बाजूला रबराची जाड गादी किंवा तेलाने भरलेली रबरी पिशवी, अशी ती रचना. येथे एकच साचा लागतो, म्हणून मोजक्याच संख्येने लागणाऱ्या भागांना ती परवडते. विमानाच्या एका नमुन्याची काहीशे नगांची मागणी असते, लाखांची नव्हे.

मोटारीत ही विद्या मोठ्या प्रमाणावर आली ती १९९० च्या दशकात. डॅशबोर्डमागची आडवी तुळई, इंजिनाखालची आधारचौकट, अगंज पोलादाचे धूरवाहक असे भाग आधी आले. सर्वाधिक गाजले ते १९९७ सालचे शेव्हरले कॉर्व्हेट. त्या गाडीच्या दोन्ही बाजूंच्या लांब पोलादी तुळया प्रत्येकी एकाच नळीतून घडवल्या होत्या. पूर्वीच्या कॉर्व्हेटमध्ये अनेक तुकडे वेल्ड करून ही तुळई तयार होई. प्रत्येक वेल्डिंग म्हणजे उष्णता, उष्णता म्हणजे वाकडेपणा आणि थकव्याने भेग पडण्याची जागा. अखंड नळीत हे तिन्ही टळले. शिवाय पत्रे एकमेकांवर चढवून वेल्ड करण्यासाठी सोडाव्या लागणाऱ्या काठांचे वजनही वाचले. पुढे २००४ च्या फोर्ड एफ-१५० या मालवाहू गाडीच्या चौकटीचा पुढचा भाग असाच घडवला गेला. पाँटियाक सॉल्स्टिस या २००६ च्या छोटेखानी स्पोर्ट्स कारने तर बाह्य पत्रेही द्रवदाबाने घडवून घेतले, कारण त्यावरील खोल वळणे साध्या प्रेसला झेपत नव्हती. ॲल्युमिनियमच्या सायकलींच्या गोल नळ्यांना मधेच चपटा, मधेच त्रिकोणी आकार दिसतो, तोही या विद्येचाच प्रसाद. त्यातला काही भाग बळकटीसाठी असतो आणि काही केवळ दुकानातील गिऱ्हाइकासाठी.

मग सगळ्याच गाड्या अशा का बनत नाहीत? पहिले कारण वेळ. प्रेस काही सेकंदांत एक भाग बाहेर टाकते. येथे भरणे, दाबणे, सोडणे, निथळवणे यांत वीस ते चाळीस सेकंद जातात. दुसरे कारण प्रतिस्पर्धी. बोरॉनयुक्त पोलादाचा पत्रा लाल होईपर्यंत तापवून थंड साच्यात दाबला, की तो तेथेच कडक होतो. प्रवाशांभोवतीच्या खांबांसाठी आज हीच पद्धत अधिक रूढ आहे. कॉर्व्हेटच्या २०१४ सालच्या पिढीत मुख्य तुळई पुन्हा पाच तुकड्यांची झाली, फरक इतकाच की प्रत्येक तुकडा ॲल्युमिनियमचा आणि आपापल्या जागेच्या गरजेनुसार वेगळ्या पद्धतीने घडवलेला होता. अखंड नळीची जाडी सर्वत्र जवळपास सारखी राहते; अपघातात चिरडायच्या टोकाला आणि ताठ राहायच्या मध्यभागाला ती एकसारखी असणे सोयीचे नसते. एका तंत्राने सगळे प्रश्न सुटतात, ही जाहिरातीची भाषा होय.

साचाच नको, असा पर्यायही एका प्रकारात शक्य झाला. चीनमधील हार्बिन तंत्रज्ञान संस्थेचे प्राध्यापक वांग झोंगरेन यांनी १९८५ मध्ये गोलाकार टाक्यांसाठी एक पद्धत मांडली. सपाट किंवा एकाच दिशेने वाकवलेल्या पत्र्यांचे तुकडे वेल्ड करून फुटबॉलसारखा अनेक पैलूंचा बंद डबा बनवायचा आणि त्यात दाबाने पाणी भरायचे. पैलू फुगतात, कडा सपाट होतात, आणि डबा आपोआप गोल होतो. बंद कवचाला दाबाखाली गोलाशिवाय दुसरा आकार मानवत नाही. एरवी अशा टाकीची प्रत्येक पाकळी दोन दिशांना वळवण्यासाठी अवाढव्य साचे लागतात. या पद्धतीत आणखी एक फायदा अनायासे पदरात पडतो. सांध्यात दोष असेल तर टाकी वापरात येण्याआधी, पाणी भरतानाच तो उघडा पडतो.

आता जोडणीकडे वळू. लोहार बैलगाडीच्या चाकावर लोखंडी धाव चढवतो, तेव्हा ती तापवून सैल करतो, चाकावर बसवतो आणि पाणी ओततो. थंड होताना धाव आक्रसते आणि चाकाला करकचून आवळते. द्रवदाबाची जोडणी हेच काम उष्णतेविना करते. जाड तबकडीच्या भोकात पातळ नळी सैलसर घालतात. नळीच्या आत दोन रबरी कड्यांच्या मधल्या जागेत पाण्याचा दाब देतात. नळी फुगून भोकाच्या भिंतीला टेकते, आणखी दाबाने भोकही किंचित ताणले जाते. दाब सोडला की दोन्ही मागे सरकू पाहतात. नळी आपल्या मर्यादेपलीकडे ताणली गेल्याने थोडीच मागे येते. तबकडी मात्र स्थितिस्थापक राहिल्याने अधिक मागे येते आणि नळीला धावेसारखी आवळून धरते. हे घडण्यासाठी बाहेरचा धातू आतल्यापेक्षा अधिक मागे येणारा हवा. उलट असेल तर दाब सोडताच फट पडते. टायटॅनियमची नळी म्हणूनच अवघड: ती बरीच मागे येते. अशा वेळी भोकात खाचा पाडाव्या लागतात किंवा टोकाशी वेल्डिंगची जोड द्यावी लागते.

या आवळण्यावर किती गोष्टी अवलंबून असतात, हे वीज केंद्राच्या संघनकात कळते. टर्बाइनमधून बाहेर पडलेल्या वाफेचे पुन्हा पाणी करणाऱ्या या यंत्रात हजारो नळ्या असतात आणि प्रत्येक नळीची दोन्ही टोके तबकडीत बसवलेली असतात. नळ्यांतून थंड पाणी वाहते, बाहेरून वाफ. तारापूर किंवा ट्रॉम्बे यांसारख्या समुद्राच्या पाण्याने थंड होणाऱ्या केंद्रांत एखादाही सांधा पाझरला, तर खारे पाणी अत्यंत शुद्ध ठेवलेल्या बाष्पकाच्या पाण्यात शिरते आणि त्यातील क्लोराइड पुढच्या सगळ्या धातूला लागते. पूर्वी, आणि अनेक ठिकाणी आजही, नळीचे टोक फिरत्या रुळांनी आतून रेटून फुलवतात. ते स्वस्त आहे. पण रूळ भिंत पातळ करतात, धातू कडक करतात, आणि फुलवलेला व न फुलवलेला भाग जेथे भेटतात तेथे ताण साठतो.

अणुवीज केंद्रांतील वाफनिर्मिती यंत्रांत हा दोष महागात पडला. तेथील तबकडी अर्ध्या मीटरहून जाड असते. जुन्या रचनेत नळी तिच्या तळापासून थोड्याच उंचीपर्यंत फुलवली जाई. वरच्या भागात नळी आणि भोक यांच्यामध्ये केसाएवढी फट राही. त्या फटीत पाणी उकळून क्षार साचत आणि नळीला भेगा पडत. म्हणून १९८० च्या सुमारास तबकडीच्या संपूर्ण जाडीभर नळी पाण्याच्या दाबाने फुलवण्याची पद्धत रूढ होऊ लागली. काही उत्पादकांनी याच कामासाठी नळीत छोटा स्फोट घडवण्याचा मार्गही वापरला. दाबाचे पाणी त्याहून शांतपणे तेच काम करते आणि प्रत्येक सांध्याला नेमका किती दाब दिला, याची नोंदही ठेवता येते. तेल आणि वायू वाहणाऱ्या नळांत साध्या पोलादाच्या आत गंजरोधक मिश्रधातूचे पातळ अस्तर बसवतात, तेही याच न्यायाने.

या यंत्रांजवळ काम करणाऱ्यांना धोका कशाचा असतो? साच्यात नळी फाटली तर मोठा आवाज होतो, पण फारसे काही उडत नाही. पाणी थोडेच दबलेले असल्याने फाटताक्षणी दाब नाहीसा होतो. त्याच दाबाची हवा असती तर तो बॉम्ब ठरला असता. बाष्पके आणि टाक्या यांची चाचणी हवेऐवजी पाण्याने घेतात, तीही याचमुळे. खरा धोका आहे तो रबरी नळीला किंवा सांध्याला पडलेल्या सुईएवढ्या छिद्राचा. त्यातून सुटणारी धार डोळ्यांना जेमतेम दिसते, पण कातडीतून आरपार शिरते. गळती कोठे आहे हे हाताने चाचपणारा कामगार बोटावरच्या बारीक टोचणीकडे दुर्लक्ष करतो आणि काही तासांत बोट, कधी हातही, गमावण्याची वेळ येते. अशी जखम दिसायला किरकोळ असली तरी तिला तातडीची शस्त्रक्रिया लागते. गळती शोधायला पुठ्ठ्याचा तुकडा वापरावा, हात नव्हे, हा नियम अशा प्रत्येक कारखान्यात नवशिक्याला आधी शिकवला जायला हवा.

प्रयोगशाळांनाही या विद्येचे आकर्षण आहे. कणत्वरकांत नायोबियम या धातूच्या मण्यांच्या माळेसारख्या पोकळ्या लागतात. रूढ पद्धतीत पत्र्याच्या अर्ध्या वाट्या प्रेसवर काढून त्या निर्वातात इलेक्ट्रॉनांच्या झोताने वेल्ड करतात. पोटाशी येणारी ही शिवण, नेमकी चुंबकीय क्षेत्र सर्वाधिक असते त्याच जागी, दोषाला आमंत्रण देते. जपानमधील केईके आणि जर्मनीतील डेझी या संस्थांनी नायोबियमची नळी दाबाने फुगवून बिनशिवणीच्या पोकळ्या यशस्वीपणे बनवल्या. डेझीत तीन-तीन मण्यांचे तीन भाग असे घडवून, ते जोडून नऊ मण्यांची पूर्ण पोकळी तयार केली गेली. तरीही हॅम्बुर्गजवळ २०१७ मध्ये सुरू झालेल्या युरोपीय क्ष-किरण लेसरसाठी लागलेल्या सुमारे ८०० पोकळ्या वाट्या वेल्ड करूनच बनवल्या गेल्या. ती वाट कारखान्यांच्या हातात आधीच बसलेली होती. आणि बिनशिवणीच्या पोकळीसाठी सर्वत्र सारख्या कणरचनेची नायोबियमची नळी आधी मिळवावी लागते, ती पत्र्याइतकी सहज मिळत नाही.